ओला कचरा घरीच जिरवताना

पर्यावरणरक्षणाचा विषय निघाला की बोलणे बहुधा वितळणाऱ्या हिमनद्या, वाढते तापमान आणि जंगलतोड यांपाशी जाऊन पोहोचते. हे सारे प्रश्न खरे असले, तरी शहरातील सामान्य कुटुंबाला त्यांतील आपला वाटा नेमका कोणता हे उमगत नाही. सौर पॅनेल बसवायला स्वतःची गच्ची नसते, विजेवर चालणारी मोटार प्रत्येकाला परवडत नाही आणि सार्वजनिक वाहतुकीचे निर्णय कुणी एका घरात बसून घेत नाही. मात्र एक गोष्ट दोन खोल्यांच्या बिऱ्हाडापासून प्रशस्त बंगल्यापर्यंत सर्वत्र रोज घडते. स्वयंपाकघरातील कचऱ्याची बादली भरते आणि सकाळी ती रिकामी केली जाते. या बादलीचे काय करायचे, हा निर्णय पूर्णपणे घरातल्या माणसांच्या हाती असतो आणि त्याचे परिणाम शहराच्या वेशीबाहेरील गावांपर्यंत पोहोचतात.

बादलीत असते तरी काय?

भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, उष्टे-खरकटे आणि देवघरातील निर्माल्य हे सारे त्यात येते. चौघांच्या कुटुंबात रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे ताज्या भाज्या-फळांचा वापर अधिक आणि डबाबंद अन्नाचा वापर कमी असल्यामुळे आपल्या कचऱ्यात पाण्याचे प्रमाण जास्त असते.

हे वैशिष्ट्य लक्षात न घेता परदेशी तंत्रज्ञान आणले, तर काय होते याचे उदाहरण दिल्लीत घडले. तेथील तिमारपूर येथे १९८७ मध्ये कचरा जाळून वीजनिर्मिती करणारा प्रकल्प डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने उभारण्यात आला. दिल्लीच्या ओल्या, मातीमिश्रित कचऱ्यात ज्वलनासाठी पुरेशी उष्णता नसल्याने तो काही आठवड्यांतच बंद पडला. ओल्या कचऱ्याला आग लावणे हा उपाय नव्हे, कारण त्याचा स्वभाव जळण्याचा नसून कुजण्याचा आहे.

कुजणे आणि सडणे

कुजण्याचेही दोन प्रकार आहेत आणि साऱ्या प्रश्नाचे मूळ या दोहोंतील फरकात आहे. कचऱ्याला हवा मिळाली, तर प्राणवायूवर जगणारे सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात. या क्रियेत कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते आणि शेवटी मातीचा सुवास असलेले काळसर खत उरते. त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पतींनी काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असल्यामुळे वातावरणात नवी भर पडत नाही.

हाच कचरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि त्यावर आणखी शेकडो टन कचरा टाकला, की हवा कोंडली जाते. मग प्राणवायूविना जगणारे जीवाणू कामाला लागतात. ते मिथेन तयार करतात आणि त्याबरोबर सडक्या अंड्यासारखा वास असलेले वायूही. वीस वर्षांच्या कालावधीचा विचार केल्यास मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक आहे. शिवाय तो ज्वालाग्राही असतो. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी, ज्याला लिचेट म्हणतात, वाटेत सापडलेल्या बॅटऱ्या, रंग आणि औषधे यांतील घातक द्रव्ये सोबत घेऊन जमिनीत उतरते. केळीची साल स्वतः निरुपद्रवी असते. चुकीच्या जागी आणि चुकीच्या संगतीत पडल्यामुळे ती विषाची वाहक बनते.

वेशीबाहेरचे डोंगर

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण मराठीत आहे. मुंबईतील देवनारच्या उकिरड्याच्या वाट्याला मात्र तो योग जवळजवळ शतकभर आला नाही. १९२७ पासून तेथे कचरा टाकला जात आहे. जानेवारी २०१६ च्या अखेरीस या कचराभूमीला लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली. धुराचे लोट उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांतही दिसले, तर परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने कचरा व्यवस्थापनाचे नियम पाळले जाईपर्यंत शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतून सशर्त मोकळीक दिली. मे २०२५ मध्ये महापालिकेने तेथील सुमारे १८५ लाख टन जुन्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. दोन-तीन पिढ्यांनी फुकट टाकून दिलेल्या गोष्टीची ही किंमत आहे.

पुण्याची कहाणीही फारशी निराळी नाही. कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोभोवती शहर वाढले, तसा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊ लागला. आज कोथरूडच्या त्या जागेवर मेट्रोचा डेपो उभा आहे. उरुळी-फुरसुंगीच्या रहिवाशांनी मात्र दूषित विहिरी, माश्या आणि दुर्गंधी यांविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यानंतर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरातील कचरा काही आठवडे रस्त्यांवर साचत राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नारेगाव येथील नागरिकांनी कचरा घेण्यास नकार दिला. पर्यायी जागा शोधताना मार्चमध्ये मिटमिटा येथे हिंसाचार उसळला आणि शहर अनेक महिने कचऱ्याच्या ढिगांत राहिले.

या तिन्ही ठिकाणी तक्रारींचे स्वरूप सारखेच होते. दुर्गंधी, माश्या, लिचेट आणि आग या चारही गोष्टींचे मूळ प्रामुख्याने ओल्या कचऱ्यात आहे. काच, धातू यांना वास येत नाही आणि त्यांतून मिथेन निघत नाही. ओला कचरा डेपोवर गेलाच नाही, तर डेपोशेजारच्या गावाचे निम्म्याहून अधिक दुःख तेथेच संपते.

नियम काय सांगतात?

शहरी कचऱ्याच्या दुरवस्थेविरुद्ध अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यातूनच २००० मध्ये नागरी घनकचऱ्यासंबंधीचे देशव्यापी नियम अस्तित्वात आले. २०१६ च्या सुधारित नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी थेट कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली आणि ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग ठरवून दिले. २०२६ च्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यावा लागणारा असे चार प्रकार आहेत. मोठ्या गृहसंकुलांनी आपल्या ओल्या कचऱ्याची जबाबदारी स्वतः उचलावी, हे सूत्र या साऱ्या बदलांत कायम राहिले. मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून रोज शंभर किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना त्यांच्याच आवारात ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्यास सांगितले, तर पुणे महापालिकेने असा प्रकल्प चालवणाऱ्यांना मालमत्ताकरात सवलत देऊ केली.

तरीही एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. घरात कचरा वेगळा करून दिला, तरी गाडीत तो एकत्रच होतो, मग कष्ट कशाला घ्यायचे? ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे आणि तिचे उत्तर पालिकांनी द्यायलाच हवे. परंतु जो ओला कचरा घराबाहेर पडतच नाही, तो कोणत्याही गाडीत मिसळू शकत नाही. घरच्या घरी खत करण्याचे खरे महत्त्व येथे आहे. हा मार्ग पालिकेच्या कार्यक्षमतेवर, कंत्राटदाराच्या प्रामाणिकपणावर किंवा शेजाऱ्यांच्या सहकार्यावर अवलंबून नाही. शिवाय मागे उरलेला सुका कचरा कोरडा राहत असल्याने आपोआपच पुनर्वापरायोग्य ठरतो.

इंदूरची देणगी

कचऱ्यापासून खत ही कल्पना नवी नाही. गावोगावच्या शेतकऱ्यांनी शेणखताचे खड्डे पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. या पारंपरिक ज्ञानाला शास्त्रीय शिस्त लावण्याचे काम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंदूरमध्ये झाले. तेथील वनस्पती-संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर, त्यांतील ओलावा आणि ढीग उलटण्याचे वेळापत्रक यांचा बारकाईने अभ्यास केला. १९३१ मध्ये दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर पोहोचली. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्ड यांचे नाव आदराने घेतले जाते. वाड यांचे नाव मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

पुढे महाराष्ट्रात कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून हा विचार सामान्य माणसाच्या अंगणात आणि गच्चीवर आणून ठेवला. पालापाचोळा आणि उसाची चिपाडे यांसारख्या टाकाऊ वस्तूंवर, अगदी थोड्या मातीत, उत्तम भाजीपाला पिकू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. आज शहरांतील गच्चीवरच्या बागांमागे त्यांची प्रेरणा मोठी आहे.

घरी खत करण्याची रीत

घरगुती खतासाठी महागडे यंत्र लागत नाही. पंधरा-वीस लिटरची जुनी बादली, प्लास्टिकचा पिंप किंवा मातीचा मोठा माठ पुरतो. हवा खेळती राहावी म्हणून त्याच्या बाजूंना व तळाला छिद्रे पाडावीत आणि खाली ताटली ठेवावी. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा किंवा वाळलेल्या काटक्यांचा तीन-चार बोटे जाडीचा थर द्यावा. त्यावर मूठभर तयार खत, जुने शेणखत किंवा आंबट ताकात कालवलेली बागेतील माती घालावी. दुधाला विरजण लावावे, तसेच हे कचऱ्याचे विरजण होय.

यानंतर रोजचा ओला कचरा पाणी निथळून आणि बारीक चिरून त्यात टाकावा. जितका कचरा, साधारण तितकाच सुका पालापाचोळा, कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा वर पसरावा. सारे यश या एका सवयीवर अवलंबून असते. ओल्या कचऱ्यात नत्र अधिक, तर वाळक्या पानांत कर्ब अधिक असतो. सूक्ष्मजीवांना नत्राच्या सुमारे पंचवीस ते तीस पट कर्ब लागतो. हा तोल सांभाळला, की दुर्गंधी येत नाही. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर हाताला ओल जाणवावी, पण पाणी गळू नये, इतका ओलावा योग्य समजावा.

बादली महिना-दीड महिन्यात भरते, कारण कचरा सतत खाली बसत जातो. भरलेली बादली बाजूला ठेवून दुसरी सुरू करावी. पहिलीतील खत आणखी महिना-दीड महिन्यात तयार होते. मूळ कचऱ्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतक्या वजनाचे, काळसर आणि मोकळे खत हाती येते. ते चाळून कुंडीतील मातीत एकास तीन या प्रमाणात मिसळावे. नुसत्या खतात रोप लावू नये.

बहुतेकजण पहिल्या महिन्यातच कंटाळून हा उद्योग सोडतात. त्यामागील अडचणी ठरलेल्या आणि उपायही सोपे आहेत. कुबट वास आला, तर ओल जास्त झाली असे समजून सुका पाला वाढवावा व ढवळावे. चिलटे झाली, तर फळांच्या साली उघड्या राहिल्या असाव्यात. त्या आत दडपून वर पाल्याचा जाड थर द्यावा. पांढरट अळ्या दिसल्या तरी घाबरण्याचे कारण नाही. त्या कचरा खाऊन विघटनाला मदतच करतात. मिश्रण कोरडे पडून काम थांबले, तर थोडे पाणी किंवा ताक शिंपडावे. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असल्याने सुक्या पाल्याचे प्रमाण वाढवावे लागते.

मांस-मासळी, दूध, तेलकट रस्से आणि मोठी हाडे सुरुवातीला टाळणे इष्ट. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय वर्षभरातही कुजत नाही. ‘विघटनशील’ अशी छाप असलेल्या पिशव्याही घरच्या बादलीत टाकू नयेत, कारण त्यांतील अनेकांच्या विघटनासाठी मोठ्या प्रकल्पांतील उष्णता लागते.

सोसायटी आणि पालापाचोळा

घरोघरी जे लहान प्रमाणात होते, ते सोसायटीच्या आवारात अधिक सहज होऊ शकते. मोठ्या ढिगात उष्णता साठते. तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढल्याने रोगजंतू आणि तणाचे बी मरते. मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांच्या प्रयत्नांतून ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना आकाराला आली. अनेक वस्त्यांनी त्यातून गांडूळखताचे हौद उभारले. काही ठिकाणी ते टिकले, तर काही ठिकाणी चार उत्साही मंडळी थकली आणि हौद कोरडे पडले. जेथे या कामासाठी माळ्याला किंवा सफाई कामगाराला ठरावीक मोबदला देण्यात आला, तेथे टिकून राहण्याची शक्यता अधिक असते. केवळ हौसेवर चालणारी व्यवस्था हौस संपली की थांबते.

शिशिरातील पानगळ ही अशा संकुलांसाठी पर्वणी असते. दुर्दैवाने झाडलेली पाने कोपऱ्यात पेटवून देण्याची प्रथा अजून गेलेली नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून पाच हजार रुपयांचा, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपयांचा दंड ठरवला. हीच पाने जाळीच्या पिंजऱ्यात साठवली, तर वर्षभराच्या ओल्या कचऱ्याला पुरेल इतका सुका पाला फुकट मिळतो.

उपाहारगृहे आणि वसतिगृहे यांच्यासाठी बायोगॅस हा अधिक उपयुक्त मार्ग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प आणि पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेचे छोटे संयंत्र ही त्याची परिचित उदाहरणे होत. या संयंत्राला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार लाभला. शेणातील बहुतेक पोषण गुराने आधीच घेतलेले असते. उरलेल्या अन्नात ते शाबूत असल्याने थोड्या खरकट्यातूनही बराच गॅस मिळतो. डेपोवर आग लावणारा मिथेन येथे चुलीखाली जळतो.

कचरा उचलणारे हात

या विषयाला एक मानवी बाजू आहे आणि ती सहसा आकडेवारीत दिसत नाही. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबरच्या कराराने घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. खरकट्यात भिजलेला कागद रद्दीत विकला जात नाही आणि आमटीने माखलेल्या बाटल्या निवडताना फुटकी काच हाताला लागते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम या संस्थेने चालवली. त्यामागे उघड्या हातांनी अशा वस्तू उचलाव्या लागू नयेत, एवढीच साधी अपेक्षा होती. घरातला ओला कचरा घरातच जिरला, की या स्त्रियांच्या हाती कोरडा, स्वच्छ आणि विकण्याजोगा माल पडतो. त्यांची मिळकत वाढते आणि इजा टळतात.

खताच्याही आधी

खत होते म्हणून अन्न वाया घालवावे, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. ताटात उरलेल्या भातामागे शेतातले पाणी, वाहतुकीचे डिझेल आणि शिजवण्याचा गॅस खर्ची पडलेला असतो. बादलीतून त्यांतले काहीही परत मिळत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, कोथिंबिरीच्या देठांची चटणी आणि दोडक्याच्या शिरांची चटणी हे पदार्थ मराठी स्वयंपाकघराने काटकसरीतून घडवले. त्यांतून उरेल तेच खताच्या बादलीत जावे.

पालिकांची जबाबदारीही यामुळे कमी होत नाही. जुने डेपो साफ करणे, वर्गीकृत कचरा वेगळा वाहून नेणे आणि कचरावेचकांना सुरक्षित काम देणे ही कामे त्यांनाच करावी लागतील. त्यासाठी नागरिकांनी पाठपुरावा केलाच पाहिजे. पण तो निकाल लागेपर्यंत रोजची बादली थांबत नाही. अर्धा किलो ओला कचरा रोज घरी जिरवणारे कुटुंब वर्षाकाठी सुमारे १८० किलो कचरा डेपोवर जाण्यापासून रोखते. एखाद्या लहान सोसायटीतील पन्नास घरांनी हे केले, तर तो आकडा नऊ टनांवर जातो. तितका भार वेशीबाहेरच्या एखाद्या गावाच्या अंगणात पडायचा टळतो आणि त्या बदल्यात सोसायटीच्या झाडांना खत मिळते.